गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज : फारसीतला विद्वान आणि दखनीतला पीर

ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिताना तीन मुद्द्यांवर पुस्तकांचे एकमत आढळले नाही, म्हणून आपण विचारणा केली आहे. दखनी भाषेतले, म्हणजे दख्खनमध्ये रुजलेल्या जुन्या उर्दूतले, पहिले गद्य त्यांनी लिहिले हे खरे काय, बहमनी गादीवर कोणी बसावे हे त्यांनी ठरवले हे खरे काय, आणि महाराष्ट्राशी त्यांचा संबंध उरुसाला जाणाऱ्या भाविकांपुरताच आहे काय, असे आपले प्रश्न आहेत. फारसी आणि दखनी हस्तलिखिते वाचणे व शिकवणे हे माझे तीस वर्षांचे काम आहे, आणि या तिन्ही प्रश्नांची चुकीची उत्तरे मी स्वतः कधी ना कधी वर्गात दिलेली आहेत. म्हणून आधी सरळ सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर असे, की ती गोष्ट आपल्यापर्यंत जिंकलेल्या पक्षाकडून आली आहे आणि तसे समजूनच ती वाचावी. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध मात्र भाविकांच्या कितीतरी आधीचा, त्यांच्या बालपणापासूनचा आहे.

या सगळ्या गोंधळाचे मूळ एकच आहे. बंदेनवाज या नावाखाली दोन व्यक्तिमत्त्वे नांदतात. एक आहे दिल्लीत घडलेला, अरबी आणि फारसीत लिहिणारा, शरीयतेविषयी अतिशय दक्ष असा विद्वान सूफी. दुसरा आहे दखनी आणि कानडी बोलणाऱ्या बायाबापड्यांच्या तोंडी असलेला पीर, ज्याच्या नावाने गाणी, नवस आणि चमत्कार सांगितले जातात. पहिल्याचे पुरावे ग्रंथांत आहेत आणि दुसऱ्याचे लोकांच्या स्मरणात. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडला की चूक होते, आणि गेल्या शंभर वर्षांतल्या बहुतेक चुका अशाच झालेल्या आहेत.

त्यांचे मूळ नाव सय्यद मुहम्मद, वडिलांचे सय्यद यूसुफ हुसैनी. जन्म दिल्लीत, हिजरी ७२१ च्या रजब महिन्याच्या ४ तारखेला, म्हणजे ३० जुलै १३२१ रोजी झाला, आणि निधन गुलबर्ग्यात हिजरी ८२५ च्या जिल्कादच्या १६ तारखेला, म्हणजे १ नोव्हेंबर १४२२ रोजी. काही पुस्तकांत त्यांचे वय १०१ वर्षे तर काहींत १०४ वर्षे दिलेले असते. त्यात विसंगती नाही. पहिला आकडा सौर वर्षांचा आहे आणि दुसरा चांद्र वर्षांचा. आपल्या लेखात दोन्ही आकडे न मिसळता एकच पद्धत ठेवावी.

‘गेसूदराज’ म्हणजे लांब केसांचा. या नावाची कथा अशी सांगतात, की आपल्या गुरूंची पालखी खांद्यावर घेताना त्यांचे केस पालखीच्या लाकडात अडकले. ते सोडवायला थांबलो तर गुरूंचा खोळंबा होईल म्हणून ते तसेच, वेदना सोसत, चालत राहिले, आणि हे कळल्यावर गुरूंनी त्यांना या नावाने गौरवले. ही कथा चरित्रकथा म्हणूनच घ्यावी. ‘बंदेनवाज’, म्हणजे सेवकांवर कृपा करणारा, हे लोकांनी दिलेले बिरुद आहे आणि दख्खनमध्ये तेच अधिक रूढ झाले.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण या चरित्राचा पहिला महत्त्वाचा टप्पा तिथेच आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७-२८ च्या सुमारास देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतले अमीर, उलेमा व सूफी यांना तिकडे जाणे भाग पाडले. या स्थलांतराची आपल्याकडे ‘तुघलकी कारभार’ म्हणून थट्टाच जास्त झाली, पण दख्खनच्या सांस्कृतिक इतिहासात त्याच्याइतकी फलदायी घटना थोडीच सापडेल. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब याच लोंढ्यात आले. सय्यद यूसुफ हुसैनीही आपले कुटुंब घेऊन आले, तेव्हा धाकटा मुहम्मद जेमतेम सात वर्षांचा होता. १३३१ मध्ये वडील वारले आणि त्यांना दौलताबादजवळच्या खुलताबादेत दफन करण्यात आले. ‘राजू कत्ताल’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची कबर आजही तिथे आहे. खुलताबादला जाणारे बहुतेक लोक औरंगजेबाची कबर आणि फार तर बुरहानुद्दीन व जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे पाहून परततात. गुलबर्ग्याच्या पीराचे वडील तिथेच आहेत, हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

वडिलांच्या पश्चात काही वर्षांनी, १३३५-३६ च्या सुमारास, आई मुलांना घेऊन दिल्लीला परतली. तिथे पंधराव्या वर्षी मुहम्मदने शेख नसीरुद्दीन यांच्याकडे दीक्षा घेतली. हेच नसीरुद्दीन पुढे ‘चिराग देहलवी’ म्हणून ओळखले गेले. अजमेरचे मोईनुद्दीन, दिल्लीचे कुतबुद्दीन बख्तियार काकी, पंजाबातले बाबा फरीद, पुन्हा दिल्लीत निजामुद्दीन औलिया आणि त्यांच्यामागून नसीरुद्दीन, अशी ही चिश्ती या सूफी पंथाच्या परंपरेची साखळी होती. नसीरुद्दीन स्वभावाने कठोर. साधना करायची असेल तर आधी धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करावा लागेल, असा त्यांचा आग्रह होता, आणि गेसूदराज यांच्या लेखनात जी शिस्त आणि जो काटेकोरपणा दिसतो त्याचे मूळ मला या शिकवणीत दिसते.

नसीरुद्दीन यांचे निधन १३५६ मध्ये झाले. परंपरेने आलेल्या वस्तू, म्हणजे खिरका (सूफीचा झगा), जपमाळ, काठी वगैरे, त्यांनी कोणाही एका शिष्याला न देता आपल्याबरोबरच दफन करायला सांगितल्या. म्हणजे ‘माझा वारस हाच’ असे त्यांनी म्हटले नाही. गेसूदराज यांच्या चरित्रकारांना ही अडचण जाणवलेली दिसते. ते सांगतात, की गुरूंच्या देहाला ज्या बाजेवर स्नान घातले तिच्या दोऱ्या काढून गेसूदराज यांनी गळ्यात घातल्या आणि हाच माझा खिरका असे म्हटले. ही कथा खरी असो वा रचलेली, वारसाहक्काचा प्रश्न तेव्हा खुला होता एवढे तिच्यावरून नक्की कळते. पुढची चाळीसहून अधिक वर्षे ते दिल्लीतच शिकवत आणि शिष्य घडवत राहिले. या काळाबद्दल फारसे नाट्यमय सांगण्यासारखे नाही.

नाट्य आहे ते १३९८ च्या डिसेंबरात. तैमूरची फौज दिल्लीच्या वेशीवर आली आणि गेसूदराज यांनी कुटुंब व शिष्यांसह शहर सोडले. हिजरी गणनेने तेव्हा त्यांचे वय ऐंशी वर्षांचे होते. ग्वाल्हेर, चंदेरी, गुजरातेत बडोदे व खंबायत असा मोठा वळसा घेऊन ते दौलताबादला आले आणि सुमारे पासष्ट वर्षांनी वडिलांच्या कबरीपाशी उभे राहिले. तिथून बहमनी सुलतान फिरोजशाह याच्या आमंत्रणावरून ते गुलबर्ग्यास गेले. पंधरावे शतक तेव्हा नुकतेच उजाडत होते. या प्रवासकाळातली त्यांची संभाषणे थोरले चिरंजीव सय्यद मुहम्मद अकबर हुसैनी यांनी टिपून ठेवली. ‘जवामी-उल-कलिम’ नावाचा तो संग्रह हे आपल्याकडचे सर्वांत जवळचे साधन आहे. त्यानंतरचे महत्त्वाचे चरित्र मुहम्मद अली सामानी या शिष्याचे ‘सियर-इ-मुहम्मदी’. ते ख्वाजांच्या निधनानंतर पाचच वर्षांत, १४२७ मध्ये, लिहिले गेले. फिरिश्ता याचा इतिहास सतराव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे जवळपास दोनशे वर्षांनंतरचा आहे. फिरिश्ताचे बालपण अहमदनगरात गेले आणि लेखन विजापुरात झाले. तो गोष्ट फार रंगवून सांगतो, आणि मराठी पुस्तकांत बंदेनवाजांविषयी जे राजकीय किस्से येतात ते बहुतेक त्याचेच आहेत. लेखात कोणता मजकूर कोणत्या साधनातला, एवढे जरी आपण वेगळे ठेवलेत तरी अर्धे काम झाले.

गुलबर्ग्यात पोचले तेव्हा ते शहर सूफींना नवे नव्हते. पहिल्या बहमनी सुलतानांचे श्रद्धास्थान असलेले शेख सिराजुद्दीन जुनैदी १३८० मध्ये तिथेच निवर्तले होते. फिरोजशाह (राज्यकाळ १३९७ ते १४२२) हा विलक्षण राजा होता. गणित, भूमिती, तर्क यांचे तो स्वतः पाठ देत असे. दौलताबादला वेधशाळा उभारण्याचे काम त्याने १४०७ मध्ये सुरू केले, ते अपुरे राहिले. भीमेच्या काठी फिरोजाबाद नावाचे नवे नगरही त्याने वसवले. पंढरपूरवरून जाणारीच ही भीमा, पुढे कर्नाटकात शिरलेली. फिरिश्ता म्हणतो की अशा राजाला गेसूदराज लौकिक विद्यांमध्ये कमी वाटले आणि त्याचे मन उडाले. हे वाक्य मराठीत अनेकदा ‘राजा विद्वान होता आणि पीर भोळा’ अशा अर्थाने उतरले आहे. ज्या माणसाच्या नावावर अरबी-फारसीत पुष्कळ ग्रंथ आहेत त्याला अल्पशिक्षित समजणे चमत्कारिक आहे. फिरोजशाहाची ओढ तत्त्वज्ञान आणि निसर्गविद्येकडे होती, गेसूदराज यांची कुराणभाष्य, हदीस (पैगंबरांची वचने) आणि साधनामार्गाकडे. दोन विद्वानांचे विषय वेगळे होते, इतकाच त्याचा अर्थ घ्यावा.

खरा तणाव सत्तेचा होता. फिरोजशाहाचा भाऊ अहमदखान ख्वाजांकडे वारंवार जात असे, त्यांच्या खानकाहीच्या, म्हणजे सूफी मठाच्या, खर्चाला हातभार लावत असे. फिरोजशाहाला आपल्यामागे मुलगा हसनखान गादीवर यावा असे वाटत होते. त्याने मुलासाठी आशीर्वाद मागितला तेव्हा, फिरिश्ताच्या सांगण्यानुसार, गेसूदराज यांनी उत्तर दिले की मुकुट अहमदखानाच्या नशिबी लिहिलेला आहे, दुसऱ्याला आशीर्वाद देऊन उपयोग नाही. त्यानंतर खानकाह किल्ल्याच्या फार जवळ आहे आणि तिथल्या गर्दीचा उपद्रव होतो असे कारण देऊन सुलतानाने त्यांना ती हलवायला लावली. आणखी एक प्रसंग असा सांगतात, की अहमदखान जीव वाचवून पळण्याच्या बेतात असताना मुलासह ख्वाजांच्या भेटीला आला, तेव्हा त्यांनी एका पागोट्याचे दोन तुकडे केले आणि बापलेकांच्या डोक्याला बांधून दोघांनाही राज्यप्राप्तीचे भाकीत सांगितले.

आपला दुसरा प्रश्न नेमका इथे आहे. १४२२ च्या सप्टेंबरात अहमदखानाने गादी घेतली, फिरोजशाह त्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि १ नोव्हेंबरला ख्वाजाही गेले. म्हणजे नव्या राज्याचे आणि ख्वाजांचे आयुष्य एकमेकांना जेमतेम काही आठवडे लागून होते. घटनांची कारणे पाहिली तर त्यांत आशीर्वादाखेरीज बरेच काही आहे. पानगल किल्ल्याच्या दीर्घ वेढ्यात विजयनगरकडून झालेल्या पराभवाने फिरोजशाहाचा दरारा गेला होता आणि तो आजारी होता. अहमदखानाच्या पाठीशी खलफ हसन बसरी हा धनाढ्य परदेशी व्यापारी उभा होता. त्याने बंजाऱ्यांच्या बैलांवर निशाणे लावून दुरून मोठी फौज असल्याचा भास निर्माण केला, असे फिरिश्ताच सांगतो. भावाच्या हयातीत गादी बळकावणाऱ्याला आपल्या कृत्याला आधार हवा असतो, आणि शंभरी ओलांडलेल्या पीराच्या भाकितापेक्षा भक्कम आधार कोणता मिळणार? अहमदखानाचे ख्वाजांशी निकटचे संबंध होते हे निर्विवाद. आशीर्वादाच्या कथेला आजचा आकार मात्र त्याच्या विजयानंतर आला असावा, असे माझे मत आहे. ख्वाजांनी राजा ‘ठरवला’ असे लिहू नये. त्यांच्या नावाने राजाने स्वतःला ठरवले, हे वस्तुस्थितीच्या जास्त जवळ आहे.

याच ठिकाणी एक अवघड गोष्ट सांगायला हवी, कारण भक्तिभावाने लिहिलेल्या लेखांत ती वगळली जाते. निजामुद्दीन औलिया सुलतानाच्या भेटीला राजी नसत आणि राजाने जमीन दिली तर ती घेऊ नये असा जुन्या चिश्तींचा दंडक होता. गुलबर्ग्यात गेसूदराज यांच्या घराण्याला अहमदशाहाने गावे इनाम दिली, आणि पुढे पीरपद वंशपरंपरेने चालत आले. ही तत्त्वच्युती मानायची की बदललेल्या परिस्थितीतला शहाणपणा, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. दिल्लीत शहर मोठे होते आणि बाजारातून येणाऱ्या देणग्यांवर लंगर चालत असे. दख्खनमध्ये परक्या मुलुखात शेकडो माणसांचा शिधा चालवायचा तर जमिनीच्या उत्पन्नाशिवाय उपाय नव्हता, असे मला वाटते. पण मी हे समर्थन म्हणून सांगत नाही. सहाशे वर्षे तो दर्गा टिकला याचे एक कारण हे उत्पन्न आहे, हे मात्र मान्य करावे लागते.

ग्रंथांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यांच्याकडे सहसा कोणी वळत नाही. अबू नजीब सुहरावर्दी यांच्या ‘आदाब-उल-मुरीदीन’ या अरबी ग्रंथाचे, म्हणजे शिष्याने कसे वागावे याच्या नियमांचे, त्यांनी फारसीत रूपांतर व विवरण केले आणि त्याला ‘खातिमा’ नावाची मोठी पुरवणी जोडली. जेवण, झोप, प्रवास, गुरूपुढे बसणे, गाण्याच्या बैठकीत कसे वागावे, अशा अगदी रोजच्या गोष्टींचे नियम तिच्यात आहेत. ‘अस्मार-उल-असरार’ हा त्यांचा सर्वांत गूढ ग्रंथ. कुशैरी यांच्या ‘रिसाला’वर त्यांनी भाष्य लिहिले. फारसी गझला आणि पत्रेही उपलब्ध आहेत. विचाराच्या बाजूने पाहिले तर इब्न अरबी यांच्या ‘वहदत-उल-वुजूद’ या सिद्धान्ताचे, म्हणजे अस्तित्व एकच आहे या भूमिकेचे, ते कडक टीकाकार होते. निर्माता आणि निर्मिती यांतले अंतर पुसले जाता कामा नये हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे सूफी म्हटला की तो अद्वैतीच असणार असे गृहीत धरून त्यांची ज्ञानेश्वरांशी तुलना केली जाते. या एका सूफीच्या बाबतीत तरी ती तुलना बसत नाही.

तशीच सावधगिरी ‘सर्वधर्मसमभाव’ या शब्दाविषयी बाळगावी. संभाषणांच्या संग्रहात ब्राह्मणांशी झालेल्या वादांचे उल्लेख आहेत, आणि त्यांचे ग्रंथ आपण वाचलेले आहेत असे ख्वाजा तिथे सांगतात. पण तो वाद जिंकण्यासाठी केलेला अभ्यास होता. आजच्या अर्थाच्या सलोख्याची भाषा त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांच्यावरही अन्यायच आहे. त्याच संग्रहात दुसरीकडे एक सुंदर नोंद येते. गाण्याविषयी बोलताना ते म्हणतात, की प्रत्येक भाषेची आपली खासियत असते आणि हिंदवी, म्हणजे इथल्या देशी बोलीतले, गाणे मृदू, मोकळे व अंतःकरणाला भिडणारे असते, फारसीत तो परिणाम साधत नाही. लिहिताना फारसी आणि ऐकताना हिंदवी, असा हा माणूस होता. पुढचा सगळा प्रश्न समजून घ्यायला ही नोंद उपयोगी पडते.

आपला पहिला प्रश्न ‘मेराज-उल-आशिकीन’ या छोट्या दखनी पुस्तिकेचा आहे. उर्दूचे थोर संशोधक मौलवी अब्दुल हक यांनी ती १९२४ मध्ये ख्वाजांच्या नावाने प्रसिद्ध केली. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय त्या काळात औरंगाबादला होते, म्हणजे उर्दू गद्याचा हा ‘जन्मदाखला’ एका अर्थी मराठवाड्याच्या भूमीवर तयार झाला. तेव्हापासून ‘उर्दूतील पहिले गद्य, लेखक ख्वाजा बंदेनवाज’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत बसले आणि स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत अजून आहे. १९६० च्या दशकात हैदराबादचे हफीज कतील यांनी या श्रेयाला धक्का दिला. त्यांनी दाखवले, की पुस्तिकेतले विवेचन पंचमहाभूतांच्या आणि त्यांच्या पंचवीस गुणांच्या चौकटीवर उभे आहे, आणि ही चौकट विजापूरच्या सूफींची, विशेषतः १६७५ मध्ये निवर्तलेल्या अमीनुद्दीन आला यांच्या संप्रदायाची आहे. लेखक म्हणून त्यांनी विजापूरच्या मखदूम शाह हुसैनी यांचे नाव पुढे ठेवले. नावातल्या ‘हुसैनी’ने घोटाळा कसा झाला असेल हे वेगळे सांगायला नको.

मला स्वतःला हा युक्तिवाद पटायला वेळ लागला, आणि पटेपर्यंत कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना जुनेच सांगत होतो. पटले ते भाषेमुळे नव्हे, विचारामुळे. भाषेवरून काळ ठरवणे दखनीत धोक्याचे असते, कारण नकलाकार आपापल्या काळाप्रमाणे रूपे बदलत जातात. मराठी वाचकाला दखनी ओळखीची वाटते ती ‘नको’ या शब्दामुळे आणि ‘वहीच’, ‘मैंच’ यांतल्या आपल्याच ‘च’मुळे. पण हा ‘च’ मूळ लेखकाचा की दोनशे वर्षांनंतरच्या नकलाकाराचा, हे एकटी प्रत सांगत नाही. सिद्धान्ताची चौकट मात्र नकलाकार सहसा बदलत नाही. आणि इब्न अरबींना विरोध करणारा, दिल्लीच्या शिस्तीत वाढलेला शेख एकाएकी विजापुरी तत्त्वमीमांसा मांडू लागेल हे संभवत नाही.

मग त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘चक्कीनाम्या’चे काय? दखनीत चक्कीनामे आणि चर्खानामे असा गाण्यांचा एक प्रकारच आहे, दळताना आणि सूत कातताना म्हणायचा. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ अक्षर, म्हणजे अल्लाह. मधला खिळा म्हणजे पैगंबर. आणि जाते फिरवणारी बाई म्हणजे नामस्मरण करणारा जीव, अशी त्यांतली रूपके असतात. या गाण्यांवर अमेरिकी इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात महत्त्वाचे काम केले. खानकाहींतली गहन शिकवण सामान्य घरांत पोचली ती प्रवचनांतून नव्हे, बायकांच्या कामाच्या गाण्यांतून, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘पहिली माझी ओवी’ म्हणत दळणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते. एकाच प्रदेशात, एकाच पहाटे, एका घरात विठ्ठलाची ओवी आणि शेजारी चक्कीनामा चालत असणे अगदी शक्य आहे, आणि दोन्हींकडे जात्यालाच ईश्वराशी बोलण्याचे साधन केलेले आहे. ही गाणी बहुतांशी सतराव्या शतकातली किंवा त्यानंतरची आहेत. ज्याच्या नावाने गायचे तो पीर आधीच प्रसिद्ध असावा लागतो, आणि दख्खनमध्ये बंदेनवाजांइतके प्रसिद्ध नाव दुसरे नव्हते.

ते किती प्रसिद्ध होते याचा अंदाज फिरिश्ताच्या एका किश्शावरून येतो. एका दखनी माणसाला कोणी विचारले, की पैगंबर श्रेष्ठ की सय्यद मुहम्मद गेसूदराज? त्याने आश्चर्याने उत्तर दिले, की पैगंबर थोरच होते, पण गेसूदराज यांची गोष्टच निराळी! शरीयतेचा एक नियमही न मोडणाऱ्या शेखांनी हे ऐकले असते तर त्या माणसाला खानकाहीतून बाहेर काढले असते, याबद्दल मला शंका नाही.

गुलबर्ग्याचा दर्गा (शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून कलबुर्गी) या दुसऱ्या व्यक्तिमत्त्वाची जागा आहे. अहमदशाहाने बांधवलेला मुख्य घुमट, बाहेरच्या भिंतींवर दोन थरांतल्या कमानी, आणि आवारात नंतरच्या राजवटींनी घातलेली भर असे ते संकुल आहे. प्रतापगडाखाली मारला गेलेला आदिलशाही सरदार अफजलखान याने बांधलेली मशीदही याच आवारात आहे, आणि मराठी पाहुणे तिच्यापाशी हमखास थबकतात. राजधानी लवकरच बिदरला गेली. सुलतानांनी इराणातल्या किरमानहून शाह निमतुल्ला वली यांच्या घराण्याला बोलावले, आणि दरबारी मान तिकडे वळला. तरीही लोक गुलबर्ग्यालाच येत राहिले. बहमनी गेले, आदिलशाही, मुघल आणि निजाम गेले, १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये भाषावार रचनेने गुलबर्गा एका राज्यात आणि मराठवाडा दुसऱ्या राज्यात गेला. सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या भाविकांच्या वाटेवर त्याने फारसा फरक पडला नाही. सोलापूरहून निघालेल्या गाडीत गाणगापूर रोडला दत्तभक्त उतरतात आणि पुढे कलबुर्गीला ख्वाजांचे भाविक. एकाच घरातली माणसे दोन्ही ठिकाणी उतरताना मी पाहिली आहेत. नृसिंह सरस्वतींचे गाणगापूर आणि गेसूदराज यांचे गुलबर्गा ही दोन्ही बहमनी काळातलीच गावे आहेत, हे लक्षात घेतले तर याचे नवल वाटत नाही.

उरूस जिल्काद महिन्याच्या १५ ते १७ या तारखांना भरतो. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी मागे सरकते, म्हणून आपल्या लेखात ‘अमुक महिन्यात उरूस असतो’ असे विधान करू नये. दर्ग्याच्या घराण्याने शाळा-महाविद्यालये आणि वैद्यकीय महाविद्यालय काढले, आणि २०१८ मध्ये ख्वाजांच्या नावाचे विद्यापीठही सुरू झाले. आवारातल्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा संग्रह आहे.

शेवटी आपल्या लेखापुरत्या व्यावहारिक सूचना. ‘मेराज-उल-आशिकीन’चा उल्लेख करायचा असेल तर ‘पूर्वी ख्वाजांची मानली गेलेली, विजापूर परंपरेतली पुस्तिका’ असे लिहावे. चक्कीनाम्याच्या ओळी उद्धृत करताना ‘ख्वाजा बंदेनवाज यांच्या नावे प्रचलित लोकगीत’ म्हणावे, आणि गाणे एखाद्या बाईकडून ऐकलेले असेल तर गाव आणि वर्ष जरूर नोंदवावे. गादीच्या प्रसंगाला फिरिश्ताचे नाव जोडावे. छायाचित्र निवडताना केवळ गुलबर्ग्याचा घुमट न देता खुलताबादच्या राजू कत्तालांच्या कबरीचेही द्यावे, आणि त्याखाली १३३१ हे साल घालावे. मराठी वाचकासाठी गोष्ट तिथून सुरू होते.